जागच्या जागी

१

मुलगा हरवला असता तर एवढा गोंधळ झाला नसता. मुलं पूर्वीही दोनदा हरवली होती आणि दोन्ही वेळा भूक लागल्यावर आपोआप सापडली होती. पण त्या सोमवारी सकाळी अकरा वाजता मुलांच्या सुधारगृहातून फाईल हरवली, आणि घंटा तीनदा वाजली.

घंटा तीनदा वाजली की फाटक बंद. एकदा एक चमचा हरवला होता, तेव्हापासूनचा हा नियम. हरवलेली वस्तू सापडेपर्यंत आतला बाहेर जायचा नाही, बाहेरचा आत यायचा नाही. मग तो मुलगा असो, मास्तर असो, की घासभर जेवण चाखून वहीत 'चव बरी' असं लिहायला आलेली पाहुणी असो.

अशी एक पाहुणी त्या वेळी भटारखान्यात चमचा तोंडाशी धरून उभी होती. मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं काढून त्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. शाळेत त्यांना 'मोठ्या बाई' म्हणत. निवृत्तीनंतर पद गेलं, पण बाई मोठ्याच राहिल्या. सरकारने त्यांना सुधारगृहाच्या मानद पाहुण्या नेमलं होतं. मानद म्हणजे यायचं स्वतःच्या खर्चाने आणि चहा प्यायचा त्यांच्या. दर दोन महिन्यांनी त्या येत, चाखत, फिरत आणि शेरा लिहीत : 'सर्व ठीक. डास फार.'

हा शेरा मग डासांच्या फाईलीत जाई. डास कमी करण्याबद्दलचा पत्रव्यवहार वीस वर्षं चालला होता. डास तेवढेच राहिले होते, फाईल मात्र उशीएवढी लठ्ठ झाली होती. इतकी की ऑफिसातल्या खिडकीची झडप आपटू नये म्हणून तीच खाली अडकवून ठेवत. खिडकी त्यामुळे छान उघडी राही, आणि तिच्यातून डास आत येत.

"बाई, घाबरू नका हं," अधीक्षक भटारखान्यात येत म्हणाले. ते गोल, हसतमुख गृहस्थ होते आणि मुलांना 'माझी फुलं' म्हणत. "तुम्ही इथे अगदी सुरक्षित आहात."

"म्हणजे कोंडलेली."

"तात्पुरत्या."

"तुमच्या फुलांनाही असंच सांगता ना?"

अधीक्षक हसले. सरकारी नोकरीत न कळलेल्या वाक्याला हसावं लागतं. "एका मुलाची फाईल गेली. सारखी शिट्टी वाजवतो म्हणून त्याला सगळे शिट्टी म्हणतात. नऊ दिवसांनी अठराचा होईल. आज चार वाजता त्याच्या सुटकेसाठी मंडळ बसणार होतं."

"मग बसू दे. मुलगा तर आहे ना?"

"मंडळ फाईल बघतं, बाई. मुलगा बघून काय कळणार? फाईल नाही तर बैठक नाही. पुढची बैठक महिन्याने, तोवर हा अठरा पार. अठरा झाले आणि हातात सुटकेचा हुकूम नसला, तर रवानगी मोठ्या तुरुंगात. निदान तीन वर्षं."

मोठ्या बाईंनी चमचा खाली ठेवला. "मग शोधा की, साहेब! चारला पाच तास आहेत."

"शोधायचं काय त्यात?" अधीक्षक म्हणाले. "चोर सापडलासुद्धा."

"कोण?"

"शिट्टीच."

२

ऑफिसात गरम होत होतं. नेहमी उघडी असणारी खिडकी आज बंद होती. भाऊसाहेब आपल्या टेबलापाशी डोक्याला हात लावून बसले होते.

भाऊसाहेब म्हणजे इथले कारकून. बारीक, स्वच्छ, शर्टाच्या खिशाला तीन पेनं. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही कागद हरवला नव्हता, आणि दोन महिन्यांनी याच गोष्टीबद्दल त्यांचा सत्कार व्हायचा होता. मानपत्र छापून आलं होतं. ते समोरच्या भिंतीला टेकवून ठेवलं होतं, तारीख तेवढी घालायची होती.

"काय सांगू बाई," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरोखरच भरून आले. "काल संध्याकाळी मी स्वतः ती फाईल शिवून, गाठ मारून कपाटात ठेवली. आज दहाला कपाट उघडतो तर जागा रिकामी! माझ्या कपाटात रिकामी जागा!"

"कपाटाला कुलूप होतं?"

"सकाळी मी उघडलं, आणि पाणी प्यायला गेलो. दहा मिनिटं. तेव्हा खोलीत…" भाऊसाहेब थांबले. "तेव्हा शिट्टी झाडत होता."

"झालं!" अधीक्षक म्हणाले. "चोरी कुठे झाली? इथे. चोर कोण होता इथे? तो. आणखी काय पाहिजे?"

"कारण पाहिजे," मोठ्या बाई म्हणाल्या. "स्वतःच्या सुटकेची फाईल कोण चोरतं?"

"सवय, बाई, सवय! समोर दिसलं की उचलायचं."

"आणि उचलून ठेवली कुठे?"

"तेच तर जमादार शोधताहेत. त्रेसष्ट गाद्या उसवल्या, भटारखान्यातली पातेली पालथी घातली, विहिरीत आकडा टाकला."

"आणि हे ऑफिस?"

"ऑफिसात कशाला?" अधीक्षकांना खरोखर नवल वाटलं. "चोरी इथूनच झाली ना!"

मोठ्या बाईंनी पदराने वारा घेतला. "भाऊसाहेब, खिडकी तरी उघडा. जीव गुदमरतोय."

"नको बाई. वारा फार आहे. कागद उडतात."

काचेतून मागचं अंगण दिसत होतं. दोरीवर त्रेसष्ट चादरी वाळत होत्या, आणि सकाळच्या हजेरीला उभ्या केल्यासारख्या सगळ्या सरळ लोंबत होत्या. एकही हलत नव्हती.

बाईंनी बंद खिडकीकडे पुन्हा पाहिलं. चौतीस वर्षांत त्या एक गोष्ट शिकल्या होत्या. 'पोटात दुखतंय' म्हणणाऱ्या मुलीला लगेच खोटं ठरवायचं नाही, आधी तास कुठला आहे ते बघायचं.

"मुलगा कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"विचारखोलीत," अधीक्षक म्हणाले.

३

विचारखोली सहा फूट लांब, सहा फूट रुंद होती. पूर्वी तिला अंधारकोठडी म्हणत. मग एका अधिकाऱ्याने आक्षेप घेतला, तेव्हा तिच्यात जाळीचा दिवा लावला आणि नाव बदललं. मुलाने आत बसून आपल्या वागण्याचा विचार करावा अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तिथे विचार करण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे दार कधी उघडेल.

मोठ्या बाई आत गेल्या, आणि मागे जमादाराने कडी घालून कुलूप लावलं.

"अहो जमादार!"

"नियम आहे बाई," बाहेरून आवाज आला. "आत माणूस असला की कडी."

बाई दाराकडे वळल्या. दाराला आतून हात घालायला काही नव्हतं. जिथे कडी असायची तिथे कोणीतरी नखाने रेघा ओढल्या होत्या, पाचापाचाचे जुडगे करून.

"पहिल्यांदा असं होतं," कोपऱ्यातून आवाज आला. "दाराकडे बघू नका. दिव्याकडे बघा. दार लहान होत जातं."

शिट्टी उंच झाला होता. बाईंना तो आठवत होता. दोन महिन्यांपूर्वी जेवणाच्या रांगेतून त्याने विचारलं होतं, "मोठ्या बाई, माझी सुटका कधी?" आणि त्या म्हणाल्या होत्या, "ऑफिसात विचार हं, बाळा." मग त्यांनी वहीत लिहिलं होतं : सर्व ठीक.

"काय केलं होतंस रे, इथे यायला?"

"चोरी." तो सरळ म्हणाला. "तीन दुकानं. वरच्या झरोक्यातून उतरायचो. चौथ्यात अडकलो. पोट आत, पाय बाहेर. कंबर वाढली होती, ध्यानातच आलं नाही. सकाळी मालकाने आधी चहा प्यायला, मग पोलीस बोलावले."

"आणि आज फाईल?"

"मी कशाला नेऊ? त्यात माझ्याबद्दल लिहिलेलं आहे, ते वाचून मला काय नवीन कळणार?" तो हसला, पण हसणं टिकलं नाही. "बाई, मोठ्या तुरुंगात गेलेला एक जण परत आला होता, भेटायला. बोलतच नव्हता. नुसता भिंतीला पाठ लावून बसला. इथे मी सगळ्यांच्या मोटारी दुरुस्त करतो, पंखे करतो. तिथे काय करतात मला माहीत आहे. मी जाणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे जाणार नाही," तो दिव्याकडे बघत म्हणाला. हे तो इतक्या शांतपणे म्हणाला की बाईंनी पुढचं विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

"सकाळी ऑफिसात काय झालं ते नीट सांग. अगदी बारीकसारीक."

"काही नाही. झाडलं. भाऊसाहेब टेबलाशी होते. मला म्हणाले, 'तुझा वाढदिवस कधी?' म्हटलं, नऊ दिवसांनी. मग त्यांनी खुर्ची पुढे केली. म्हणाले, 'बस बाळा.'"

"बसलास?"

"उभाच राहिलो. बाई, दोन वर्षांत मला इथे कोणी 'बस' म्हटलं नाही. 'बस झालं' म्हणतात. मला भीतीच वाटली."

"ते पाणी प्यायला गेले, तेव्हा तू एकटा होतास?"

"पाणी? मी असेपर्यंत ते खुर्चीतून उठलेच नाहीत."

बाहेर कडी वाजली. पण दार उघडलं नाही. जमादार किल्ली शोधत होता. त्याच्या जुडग्यात एकेचाळीस किल्ल्या होत्या आणि हवी ती चाळीसावी होती.

४

"तुमचं काय वैर आहे हो त्याच्याशी?" बाईंनी फाटकाकडे चालता चालता जमादाराला विचारलं.

"माझं?" जमादाराच्या मिशा ताठ झाल्या. "गेल्या वर्षी हा भिंत चढून बाहेर गेला, आणि अर्ध्या तासाने फाटकावर येऊन मलाच म्हणतो, 'जमादार, आत घ्या, जेवणाची वेळ झाली.' मला मेमो मिळाला! पळून गेला असता तर निदान चौकशी झाली असती. परत आला म्हणून हसं झालं. तो मेमो त्याच्याच फाईलीत आहे."

"म्हणजे फाईल गेली तर मेमोही गेला."

जमादार थबकला. हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं, हे त्याच्या चेहऱ्यावर अगदी स्वच्छ दिसलं. बाईंनी मनातल्या यादीतून त्याचं नाव खोडलं. इतका प्रामाणिक आनंद चोराला होत नाही.

फाटकाला वीतभर झरोका होता. त्यातून एका मुलीचा अर्धा चेहरा दिसत होता.

"आजी, तुम्हालाही आत टाकलं?" ती म्हणाली. "काय केलंत?"

"जेवण चाखलं. तू कोण गं?"

"शिट्टीची बहीण. मोठी. त्याला न्यायला आलेय. सकाळपासून उभी आहे, हे म्हणतात चमचा हरवलाय."

"चमचा नाही, फाईल," जमादार अधिकाराने म्हणाला.

"फाईल!" मुलीने झरोक्याची कड घट्ट धरली. "पुन्हा? आजी, मी नोकरीवरून सुट्टी टाकून येते हो. मागच्या खेपेलाही असंच परत पाठवलं."

"मागची खेप कधीची?"

"झाले की आठ महिने. मला पत्र आलं होतं, भावाला घेऊन जा म्हणून. मी नवा शर्ट घेऊन आले. इथे आतून निरोप आला, हुकूम आलेलाच नाही, पत्र चुकून गेलं असेल. पत्र ठेवून घेतलं आणि मला परत लावलं. हा बघा, तोच शर्ट. घडीसुद्धा मोडली नाही."

तिने पिशवीतून निळा शर्ट काढून झरोक्याला लावला. मोठ्या बाई शर्टाकडे बघतच राहिल्या.

"आतून निरोप कोणी दिला, जमादार?"

"मी फक्त पोचवला," जमादार म्हणाला. "ऑफिसातून आला."

५

शिवणवर्गात मास्तर सुया मोजत होते.

हे त्यांचं अर्धं आयुष्य होतं. भिंतीवर एक लाकडी फळा होता. त्यावर प्रत्येक कात्रीची, प्रत्येक सुईची आकृती काळ्या रंगात काढलेली. वस्तू जागेवर नसली की नुसती काळी सावली दिसायची. कोणी काही नेलं की वहीत वेळ आणि सही.

"तो गेला की माझा वर्ग बसला," मास्तर म्हणाले. "मशीन बिघडलं तर त्याच्याशिवाय कोणाला कळतं इथे? पण मी फाईल चोरीन का बाई? मी त्याच्या सुटकेसाठी शिफारस लिहिलीय. दोन पानं! मला दोन ओळी लिहायला आठवडा लागतो."

"ठाऊक आहे मला. आज फळ्यावरून काही गेलं होतं का?"

मास्तरांचं तोंड कडू झालं. "गेलं होतं, आणि वाकून आलं." त्यांनी फळ्यावरून दाभण काढलं. पोती आणि फाईली शिवायची ती जाडी, बोटभर सुई. तिचं टोक मुडपलेलं होतं. "भाऊसाहेबांनी नेलं. वहीत बघा : नऊ वाजता नेलं, नऊ चाळीसला परत. एकतीस वर्षं हा माणूस या दाभणाने फाईली शिवतोय, कधी टोकाला धक्का लागला नाही. आज अंगठ्यातून रक्त काढून आले. म्हटलं भाऊसाहेब, भिंत शिवत होतात काय?"

"काय म्हणाले?"

"म्हणाले, फाईल."

"पण आजच्या बैठकीची फाईल तर काल संध्याकाळीच शिवली होती."

"मग दुसरी असेल."

"आज दुसरी बैठक आहे?"

मास्तर सुया मोजायचे थांबले. मागे मशीनवरची मुलंही थांबली. लांब फाटकाबाहेर गाडीचा भोंगा वाजला, एकदा, दोनदा, आणि मग सलग.

चार वाजायला दहा मिनिटं होती. मंडळ आलं होतं, आणि नियमाप्रमाणे जमादार त्यांना आत घेत नव्हता.

६

"अध्यक्ष म्हणतात पंधरा मिनिटं थांबू, नाहीतर चाललो!" अधीक्षक घाम पुसत ऑफिसात येरझारा घालत होते. "फाटक उघडावं तर नियम मोडतो, न उघडावं तर नोकरी जाते! असा अडकलोय म्हणून सांगू—"

"झरोक्यात अडकल्यासारखं," मोठ्या बाई म्हणाल्या. "पोट आत, पाय बाहेर. बसा जरा."

त्या खोलीच्या मध्यभागी उभ्या राहिल्या. तपासणीला आल्यावर वर्गात उभ्या राहत तशा, हात पाठीमागे बांधून. टेबलावर फाईलींचे ढीग होते, जमिनीवर ढीग, खुर्चीवर ढीग. बैठकीच्या फाईली तेवढ्या कपाटात असत, बाकी कुठलीच फाईल तिच्या जागी नव्हती. पगाराची फाईल दौतीखाली होती. गळक्या छपराची फाईल गळतीच्या खाली ठेवली होती, हे एका अर्थी योग्यच होतं.

मग त्यांनी कपाटाकडे पाहिलं. वरच्या कप्प्यावर चिठ्ठ्या डकवलेल्या होत्या : इमारत, कपडे, डास. आणि 'डास' या चिठ्ठीच्या बरोब्बर वर, फीत बांधून, धूळ पुसून, डासांची फाईल उभी होती.

"साहेब," बाई म्हणाल्या, "ही फाईल जागच्या जागी कशी काय?"

अधीक्षकांनी वर पाहिलं. क्षणभर त्यांनाही ते अशुभ वाटलं. "ही तर खिडकीला असते!"

"वीस वर्षं खिडकीला असते. आज खिडकी बंद आहे, कारण वारा फार आहे म्हणे. बाहेर चादर हलत नाही. म्हणजे खिडकी वाऱ्यासाठी बंद केली नाही. तिचा टेकू काढला म्हणून ती बंद झाली. टेकू कशाला काढला? खिडकीपाशी ही फाईल येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाताला लागते. वरच्या कप्प्यावर कोणाच्या बापाच्या हाताला लागणार नाही. भाऊसाहेब, तुमच्या अंगठ्याला काय झालं?"

भाऊसाहेबांनी अंगठा मुठीत लपवला.

"दाभणाचं टोक वाकलं, इतकी जाड कुठली फाईल शिवलीत आज? इथे इतकी जाड एकच आहे. सकाळी तुम्ही पाणी प्यायला गेलाच नाहीत, हे मुलगा सांगतो. मुलगा चोर आहे, मान्य. पण खोटं बोलायला त्याला कारण नाही, तुम्हाला आहे. तुम्ही त्याला खुर्ची दिलीत, भाऊसाहेब. या घरात मुलाला खुर्ची कोण देतं? ज्याने त्याचं काहीतरी घेतलंय तोच."

बाहेर भोंगा पुन्हा वाजला.

"काढा ती फाईल," बाई म्हणाल्या.

भाऊसाहेब स्टुलावर चढले. एकतीस वर्षांच्या सवयीने त्यांनी ती दोन्ही हातांनी, काळजीपूर्वक खाली घेतली आणि पहिलं पान उघडून दिलं. पहिल्या पानावर अनुक्रमणिका होती. तिची शेवटची ओळ ताज्या शाईत होती : 'पृष्ठे ४१३ ते ४९८. संकीर्ण.'

"अहो!" अधीक्षक ओरडले. "चोरी केलीत आणि तिची नोंद केलीत?"

"नोंदीशिवाय कागद फाईलीत कसा घालणार, साहेब?" भाऊसाहेब दुखावून म्हणाले.

बाईंनी पान चारशे बारा उघडलं. त्यावर त्यांचंच अक्षर होतं : 'सर्व ठीक. डास फार.' पुढच्या पानावर शिट्टीचा फोटो होता, दोन वर्षांपूर्वीचा, बालिश गालांचा.

७

"पण का?" अधीक्षक म्हणाले. "मुलाने तुमचं काय वाकडं केलं होतं?"

"काही नाही," मोठ्या बाईच म्हणाल्या. त्या पानं उलटत होत्या. "त्याची बहीण आठ महिन्यांपूर्वी पत्र घेऊन आली होती. अशी पत्रं चुकून जात नाहीत. सरकार चुकून कोणाला घरी नेऊ देत नाही. हे बघा. दंततपासणीचा अहवाल. एक दाढ किडलेली. आणि त्याच्या मागे, त्याच टाचणीत…"

त्यांनी दुसरा कागद उचलला. त्यावर मोठा गोल शिक्का होता. शिट्टीची वागणूक चांगली असल्याने उरलेली मुदत माफ करून त्याला तात्काळ सोडावं, असा हुकूम. कोपऱ्यात भाऊसाहेबांचा 'मिळाले' हा ठसा. आठ महिन्यांपूर्वीच्या तारखेचा.

खोलीत एक डास गुणगुणत होता, तो स्पष्ट ऐकू आला.

"मी वरचा कागद बघतो," भाऊसाहेब हळू म्हणाले. "ठसा मारतो, टाचतो. वाचणं साहेबांचं काम. साहेब मी खूण केलेले कागद वाचतात. वरच्या कागदावर दात होते. दातांना कोण खूण करतो? ती मुलगी आली तेव्हा मी आवक-वही बघितली. वहीत लिहिलं होतं : दंत, पाने दोन. सुटका लिहिलेली नव्हती. मी वहीला खोटं कसं पाडणार?"

"आणि आज?"

"मंडळाला अनुक्रमणिका लागते. अनुक्रमणिका करायची म्हणजे कागद वाचावे लागतात." त्यांनी चष्मा काढला. "वाचला. काल रात्रभर झोपलो नाही. दोन महिने राहिलेत, बाई. एकतीस वर्षांत एक कागद हरवला नाही माझ्या हातून."

"कागद हरवला नाहीच. आठ महिने हरवले. ते कुठल्या फाईलीत शोधायचे?"

भाऊसाहेबांनी चष्मा पुन्हा घातला.

"निदान फाडून तरी टाकायचा होता तो," अधीक्षक पुटपुटले, आणि बाईंकडे बघून गप्प झाले.

"हात उठला नाही," भाऊसाहेब म्हणाले. "कागद आहे तो. फाडायचा कसा?"

"मुलगा फाडायला उठला?" मोठ्या बाईंचा आवाज चढला नव्हता. वर्गातल्या शेवटच्या बाकालाही तो असाच ऐकू जात असे. "नऊ दिवसांनी तो मोठ्या तुरुंगात गेला असता आणि हा हुकूम डासांत सुरक्षित राहिला असता. तुमचा सत्कार झाला असता. मी हार घालायला आले असते. तो तुमच्यासमोर झाडत होता, आणि तुम्ही साहेबांना एवढंच सांगितलंत, 'शिट्टी झाडत होता.' यातला शब्द न् शब्द खरा आहे, भाऊसाहेब. मी असं खरं बोलणाऱ्या मुलींना वर्गाबाहेर उभं करत असे."

भाऊसाहेबांनी मानपत्राकडे पाहिलं. मग ते उठले, मानपत्र उचललं, आणि कुठे ठेवावं ते न सुचून हातात धरून उभे राहिले.

"आता मात्र एक पंचाईत आहे," अधीक्षक खालच्या आवाजात म्हणाले. "आज सोडला तर आठ महिन्यांचा फरक कागदावर येईल. दरमहा मी सही केलीय : 'सर्व मुले योग्य हुकुमाने दाखल.' त्यापेक्षा मंडळाकडूनच नव्याने—"

"साहेब, त्या आठ महिन्यांत मीही चार वेळा आले," मोठ्या बाई म्हणाल्या. "चार वेळा लिहिलं, सर्व ठीक. तो मला विचारत होता आणि मी चमचा चाटत होते. फरक कागदावर येऊ द्या. तुमचा येईल, यांचा येईल, माझाही येईल. वही आणा."

त्यांनी पाहुण्यांच्या वहीत लिहायला घेतलं. दोन ओळींच्या जागी तीन पानं झाली. डासांचा उल्लेख राहून गेला.

८

घंटा एकदा वाजली. एकदा म्हणजे वस्तू सापडली.

अध्यक्षांनी गाडीतूनच हुकूम वाचला. हुकूम आहे म्हटल्यावर आपल्याला ठरवायचं काहीच नाही हे कळून ते मनापासून सुखावले. भाऊसाहेबांच्या चौकशीचा कागद तयार करा, म्हणाले. तो टाइप करायला ऑफिसात भाऊसाहेबांशिवाय कोणी नव्हतं. त्यांनी तो स्वतःच टाइप केला, दोन प्रतींत, एकही चूक न करता.

विचारखोलीचं दार उघडायला जमादाराला या खेपेला एकच किल्ली लागली. शिट्टी उजेडात डोळे मिचकावत आला. काय झालं ते मोठ्या बाईंनी त्याला सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"आठ महिने?"

"आठ महिने, बाळा."

त्याने ओठांचा चंबू केला. शिट्टी वाजली नाही, नुसती हवा आली.

फाटकाच्या आत बहिणीने त्याला शर्ट घातला. खांद्यात तो ताणला, बटणं कशीबशी लागली, आणि बाह्या मनगटाच्या चार बोटं वरच थांबल्या. बहिणीने एक बाही ओढली, मग दुसरी ओढली, आणि मग ती रडायलाच लागली.

"अगं, रडतेस काय," शिवणमास्तर बाही उलटी करून बघत म्हणाले. "आत दोन बोटं कापड दुमडलेलं आहे. सोडून देतो मी. दोन बोटं तर दोन बोटं."

"नको मास्तर," शिट्टी म्हणाला. "तुम्ही सोडेपर्यंत घंटा वाजली तर?"

जमादाराने फाटकाचा मोठा दरवाजा पुरता उघडला. बाहेर रस्ता होता, त्यावर एक सायकलवाला चालला होता, आणि त्याला या कशाशी काही देणंघेणं नव्हतं.

बहीण बाहेर गेली. मोठ्या बाई बाहेर गेल्या. सकाळी साडेदहाला आत आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी पोटभर श्वास घेतला. मग मागे वळून बघितलं, तर शिट्टी उंबरठ्याच्या अलीकडे उभा होता. ताठ, हात मांड्यांना लावून, नजर समोर.

"चल ना रे!" बहीण म्हणाली.

तो हलला नाही. दोन वर्षं त्याने एकही दार असं ओलांडलं नव्हतं. जेवायला, झोपायला, नहायला, प्रत्येक दारात उभं राहायचं. जमादार आकडा म्हणणार, मग पाय उचलायचा.

"मोजा की," तो जमादाराला म्हणाला.

जमादाराने सवयीने आकडा म्हणायला तोंड उघडलं. त्याच्या हातातला जुडगा किणकिणला. "कितवा म्हणून मोजू?" तो म्हणाला. "तू आता आमच्या आकड्यात नाहीस."

शिट्टी तसाच उभा राहिला. बाईंना वाटलं, हात धरून ओढावं. पण चौतीस वर्षांच्या सवयीने त्या थांबल्या. मूल उत्तर शोधत असलं की मध्ये बोलायचं नाही.

बराच वेळ गेला. अध्यक्षांची गाडी निघून गेली.

मग शिट्टीने आखूड बाहीतला हात वर केला, स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, आणि मोठ्याने म्हणाला :

"एक."

आणि पाय उचलला.